कर्ज मिटवून देणारी कंपनी: सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा फॉर्म, असली कामं. गेल्या काही वर्षांत झेरॉक्सला एक नवा कागद येऊ लागलाय: 'लोन सेटलमेंट' करून देणाऱ्या कंपनीचा करारनामा. बहुतेक वेळा तो सही झाल्यावरच माझ्या हातात येतो. काउंटरवर लोक जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे उतरवलंय. मी वकील नाही आणि बँकेत नोकरीलाही नव्हतो. एकदा स्वतः फसलो, तेव्हापासून कागद वाचायची सवय लागली, एवढंच.

सेटलमेंट कंपनी नेमकं काय करते?

तुमच्या वतीनं बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी बोलते. थकीत खात्यावर 'इतके रुपये एकदाच घ्या आणि खातं बंद करा' असा प्रस्ताव ठेवते. बँकेत याला एकरकमी परतफेड, ओटीएस किंवा तडजोड म्हणतात. मान्य झालं तर बँकेचं पत्र येतं आणि पत्रातल्या तारखेच्या आत रक्कम भरायची असते.

यात कंपनीकडे कोणताही खास अधिकार नाही. ती जे बोलते ते तुम्ही बोलू शकता, तुमचा बारावी झालेला पोरगा बोलू शकतो. बँकेला हो म्हणायला कोणी भागही पाडू शकत नाही. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलंय. त्यामुळे पॅम्फ्लेटवर 'अर्धं कर्ज माफ, १०० टक्के गॅरंटी' छापलं असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

त्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असतं ना? भिंतीवर फ्रेम लावलेली होती.

फ्रेम असते, लायसन्स नसतं. बँका आणि फायनान्स कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येतात. कर्ज सेटल करून देणाऱ्या कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेचा असा कोणताही परवाना नाही. फ्रेममध्ये सहसा कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटीचा नंबर, उद्यम नोंदणी किंवा आयएसओचं सर्टिफिकेट असतं. कंपनी नोंदणी म्हणजे त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे. जीएसटी नंबर म्हणजे ती कर गोळा करू शकते. उद्यम तर माझ्या या दुकानाचीही आहे, घरबसल्या निघते. या कागदांपैकी एकही असं म्हणत नाही की ही माणसं तुमच्या पैशाबाबत प्रामाणिक आहेत.

तरी हे कागद बघायचेच, पण वेगळ्या कारणासाठी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं की नोंदणीची तारीख आणि पत्ता दिसतो. 'वीस वर्षांचा अनुभव' सांगणारी कंपनी गेल्या पोळ्याला नोंदलेली निघाली, तर तिचं खोटं तिथंच पकडलं जातं.

मग विश्वासाची कंपनी असतच नाही का?

असते. मी दोन-तीन बघितल्यात, ज्यांनी लोकांचं काम खरंच करून दिलं. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती: कर्जाचा पैसा त्यांनी हातात घेतला नाही. बँकेचं पत्र आलं, कर्जदारानं स्वतः जाऊन कर्जखात्यात रक्कम भरली, पावती घेतली आणि मग कंपनीची फी दिली. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. कंपनीच्या खात्यात, कंपनीनं उघडून दिलेल्या 'स्पेशल' खात्यात किंवा एजंटच्या फोनपेवर कर्जाचा एक रुपयाही जाता कामा नये.

बाकी खुणा बोलण्यातून कळतात. त्यांना सरळ विचारा, 'बँकेनं नाही म्हटलं तर?' प्रामाणिक माणूस थांबतो, मग सांगतो की तसं होऊ शकतं, आणि अशा वेळी फी किती परत मिळेल तेही सांगतो. दुसरा प्रकार लगेच हसतो: 'भाऊ, आपल्याला कोणी नाही म्हणत नाही.' दुसरा प्रश्न, 'माझ्या सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, काय होईल?' खराब होईल, हे त्यानं तुम्ही विचारायच्या आधीच सांगायला हवं. तिसरा, 'माझं पीककर्ज आहे, घ्याल का?' चांगली कंपनी इथे गिऱ्हाईक परत पाठवते. पांढरकवड्याकडच्या एका भावाला अशाच एका ऑफिसातून सांगितलं गेलं होतं, 'तुमचं काम सोसायटीच्या गटसचिवाकडे आहे, आमच्याकडे पैसे घालवू नका.' त्या ऑफिसचा पत्ता मी जपून ठेवलाय.

आणखी एक. करारनामा घरी न्यायला देतात का? 'आत्ताच सही करा, आज ऑफर संपते' म्हणणाऱ्याकडे बसायचंच नाही. कर्ज तीन वर्षं थकलेलं आहे, ते आणखी तीन दिवसांनी पळून जात नाही.

तुम्ही कसे फसलात?

२०१९ मध्ये मोठं झेरॉक्स मशीन घ्यायला पर्सनल लोन काढलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कचेरी बंद, तर दुकानही बंद. हप्ते थकले, फोन सुरू झाले. त्यातच एका सेटलमेंट कंपनीचा फोन आला, आवाज गोड, मराठी शुद्ध. फी दहा हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये मी ऑनलाइन भरले. पावती व्हॉट्सअॅपवर आली. तिच्यावर जीएसटी लावला होता, पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता. रोज लोकांच्या पावत्या झेरॉक्स करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नाही.

चार महिने 'प्रोसेस चालू आहे'. शेवटी मीच शाखेत गेलो. मॅनेजर मॅडमनी कंपनीकडून आलेला ईमेल प्रिंट काढून दाखवला. इंग्रजीत चार ओळी, आणि माझ्या खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट. त्या म्हणाल्या, 'हे खातं तर आमच्याकडे नाहीच.' पुढे तीन चकरांत माझं मीच मिटवलं. ११,८०० गेले ते गेलेच.

फी किती असावी?

ठरलेला दर नाही, म्हणून फीचा हिशेब स्वतः मांडायचा. एक उदाहरण घेऊ. थकबाकी ३,००,००० रुपये. कंपनीची नोंदणी फी ५,०००. दरमहा १,५०० रुपये 'सेवा शुल्क', काम चाललं १४ महिने, म्हणजे २१,०००. या काळात हप्ता बंद, त्यामुळे व्याज-दंड चढून थकबाकी झाली ३,६०,०००. बँकेनं १,८०,००० वर मान्य केलं. कंपनी म्हणते, तुमचे १,८०,००० वाचले, त्याचे १५ टक्के आमचे: २७,०००. एकूण फी ५३,०००, वर जीएसटी ९,५४०, झाले ६२,५४०.

तुम्ही घराबाहेर काढले २,४२,५४० रुपये. ज्या दिवशी कंपनीकडे गेलात त्या दिवशीच्या तीन लाखांशी तुलना केली, तर वाचले ५७,४६०. म्हणजे तुमचे वाचले त्यापेक्षा जास्त फी आणि जीएसटीत गेले, आणि हे सगळं नीट पार पडलं तर!

म्हणून दोन गोष्टी कागदावर घ्या. टक्का कशावर, आजच्या थकबाकीवर की चढलेल्या? आणि कधी, पत्र आल्यावर की आधी? दरमहा फी घेणाऱ्या कंपनीला काम लवकर संपवायची घाई नसते, हे रोजंदारीवर मजूर लावलेल्या कोणालाही कळेल.

ते म्हणतात, बँकेचा हप्ता बंद करा आणि तेवढेच पैसे आमच्याकडे जमा करा.

करू नका. यावर मी काउंटरवर आवाज चढवून बोलतो, इथेही तसंच समजा.

त्यांचा युक्तिवाद असा: खातं थकलं की बँक खाली येते, तोवर पैसे साठवू. खातं थकल्याशिवाय बँक सूट देत नाही, एवढा भाग खरा आहे. पण चालू असलेलं चांगलं खातं मुद्दाम थकवायला सांगणं म्हणजे घर शाकारायला आधी पेटवून देण्यासारखं आहे. जामीनदाराच्या दारात माणसं उभी राहतात, ईसीएस किंवा चेक परत गेला की वेगळी केस होऊ शकते, आणि साठवलेला पैसा कोणाच्या नावावर आहे ते तुम्हाला माहीत नसतं. साठवायचाच असेल, तर स्वतःच्या बचत खात्यात साठवा, शक्यतो कर्ज नसलेल्या बँकेत.

करारनामा इंग्रजीत आहे. निदान काय काय बघू?

मागच्या महिन्यात एक आला होता. पाचशेच्या स्टॅम्पवर, अकरा पानं. पहिल्या दोन पानांवर कर्जदाराचं कौतुक आणि कंपनीचा पत्ता. काम सातव्या पानावर होतं, बारीक अक्षरात: भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत नाही. नवव्यावर: वाद झाल्यास फक्त दिल्लीच्या कोर्टात. दहाव्यावर आणखी मजेशीर, बँकेनं मान्य केलं नाही तरी कंपनीनं 'प्रयत्न केले' म्हणजे सेवा पूर्ण झाली असं समजावं. मी वाचून दाखवलं तेव्हा ते बाबा म्हणाले, 'म्हंजे यायनं कायीच नाई केलं तरी मले पैशे द्या लागतीन?' एवढं सरळ भाषांतर मलाही जमलं नसतं.

तर फी परतीचं कलम, कोर्टाचं गाव आणि 'सेवा पूर्ण' याची व्याख्या एवढं आधी शोधा. मराठी प्रत मागा. सोबत मुखत्यारपत्र सही करायला देत असतील, तर ते फक्त त्या एका कर्जखात्याबाबत बोलण्यापुरतं हवं, आणि कधीही रद्द करता येईल असं त्यात लिहिलेलं हवं. जमीन विकायचा, पैसे स्वीकारायचा अधिकार त्यात घुसवलेला असेल, तर कागद तिथंच ठेवून उठा. कोरे चेक, ओटीपी, एटीएमचा पिन कोणालाच नाही.

वकिलाचं ऑफिस आहे म्हणाले. मग तर सुरक्षित ना?

सनद क्रमांक विचारा, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे पडताळता येतो. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि निकालातून मिळणाऱ्या रकमेचा टक्का फी म्हणून ठरवायलाही. त्यामुळे मोठमोठे बोर्ड लावून 'वाचलेल्या पैशाचे १५ टक्के' मागणारे 'वकील साहेब' दिसले, तर ते वकील नाहीत किंवा नियम पाळणारे नाहीत.

माझं पीककर्ज आहे. कंपनीकडे जाऊ का?

नाही. सोसायटीचं असेल तर गटसचिव, बँकेचं असेल तर शाखेतले कृषी अधिकारी, इथूनच रस्ता सुरू होतो. पीक आपत्तीत गेलं असेल, तर आधी पुनर्गठन विचारा. त्यात अल्पमुदतीचं कर्ज मध्यम मुदतीचं होतं, हप्ते पडतात आणि खातं 'सेटल्ड' म्हणून डागाळत नाही. नवं-जुनं करून, म्हणजे जुनं कर्ज भरल्याचं दाखवून लगेच नवं उचलून, वेळ मारून नेणाऱ्यांनी निदान एकदा खातं उघडून व्याज किती चढलंय ते बघावं.

सरकारी कर्जमाफीसाठी तर कंपनीचा संबंधच नाही. २००८ ची केंद्राची, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना दीड लाखापर्यंतची, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना दोन लाखांपर्यंतची, एकीतही खासगी कंपनीमार्फत नाव लावायची सोय नव्हती. याद्या बँकेच्या माहितीवरून तयार झाल्या, २०१७ मध्ये त्यासोबत शेतकऱ्याचा ऑनलाइन अर्जही लागला. 'पुढच्या यादीत नाव घालतो, तीन हजार द्या' म्हणणारा माणूस तीन हजारांसाठीच आलेला असतो.

'कर्जमुक्ती प्रमाणपत्र' देतो म्हणणारे कोण?

यांच्यापासून सगळ्यात जास्त सांभाळा. पैसे घेऊन 'तुमचं कर्ज माफ झालं' असा छापील कागद देतात. ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं खास पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं: काही मंडळी कर्जमाफीच्या जाहिराती करतात, कोणताही अधिकार नसताना अशी प्रमाणपत्रं देतात आणि त्याची फी घेतात. हा कागद बँकेत दाखवून काही होत नाही. उलट त्या भरवशावर हप्ता थांबवलेला असतो.

असंच, 'तुमची बँकच बंद झाली, कर्ज कोणाला देता?' असंही कोणी सांगतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एक झाली, पण तिची कर्जखाती नव्या बँकेत तशीच आली. बोर्ड बदलला, कर्ज नाही.

मी स्वतः बँकेत जाऊन काय बोलू? तिथं तर कोणी विचारत नाही.

तोंडी बोललेलं कोणी विचारत नाही, लेखी दिलेलं विचारावं लागतं. मी टाईप करून देतो तो अर्ज साधारण असा:

'मा. शाखा व्यवस्थापक यांस. विषय: थकीत कर्जखाते क्रमांक अमुक, एकरकमी परतफेडीबाबत. महोदय, मी वरील खात्यावर अमुक तारखेस अमुक रुपये कर्ज घेतले. अतिवृष्टीमुळे कपाशीचे पीक गेल्याने हप्ते भरू शकलो नाही, पंचनाम्याची प्रत सोबत आहे. माझ्या हक्कास बाधा न येता मी अमुक तारखेपर्यंत अमुक रुपये एकरकमी भरू शकतो. मान्य असल्यास लेखी कळवावे. पत्रात अंतिम रक्कम, मुदत, जामीनदाराची मुक्तता व सातबाऱ्यावरील बोजा कमी करण्याबाबत उल्लेख असावा. मान्य नसल्यास तसेही लेखी कळवावे.'

दोन प्रती. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का नाही मिळाला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. रक्कम आधी हाताशी ठेवा. आकडा सांगून मग पैशासाठी सोयऱ्यांकडे फिरू लागलात, तर मुदत निघून जाते आणि सवलत रद्द होते. पहिला आकडा थोडा कमीच टाका, भाव वर जातो, खाली येत नाही. मार्चच्या आधीचे दोन महिने बँका वसुलीच्या मागे असतात, तेव्हा शाखेत ऐकणारा कान सापडतो. शाखा व्यवस्थापकाला अधिकार नसेल, तर प्रस्ताव क्षेत्रीय कार्यालयात जातो, तिथे वेळ लागतो.

कर्ज खूप जुनं असेल, तीन वर्षांत एक रुपया भरला नसेल आणि दावाही झाला नसेल, तर अर्ज द्यायच्या आधी कायदेशीर सल्ला घ्या. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली की वसुलीच्या दाव्याची मुदत नव्यानं सुरू होते.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन लावा. सूट द्याच, असं मात्र लोकपालही बँकेला सांगणार नाही.

लोकअदालतीत मिटतं का?

मिटतं, आणि फुकटात मिटतं. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी बँका थकबाकीदारांना नोटिसा काढतात, लोक घाबरून फेकून देतात. ती नोटीस म्हणजे खरं तर बोलावणं असतं, तिथे बँकेचा अधिकारी सूट घेऊनच बसलेला असतो. तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि अपील नसतं. म्हणून न झेपणाऱ्या आकड्याला तिथे मान हलवू नका. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

बायकोचं गटाचं कर्ज आहे. सेटलमेंट कंपनीनं गल्लीतल्या सगळ्या बायांकडून दोन-दोन हजार मागितले.

देऊ नका. मायक्रोफायनान्सचे नियम रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये घालून दिलेत आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही. ती ठरलेल्या जागी व्हायची, ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. दंड लागला तरी फक्त थकलेल्या रकमेवर. तारण मागता येत नाही. हप्ता न झेपण्याचं कारण कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीच्या शाखेला लेखी द्या आणि हप्ते लांबवून मागा.

घरी माणसं येतात, अटकेची धमकी देतात. सेटलमेंट कंपनी म्हणते, फोन बंद करून देतो.

कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस अटक करत नाहीत. चेक परत गेला तर कलम १३८ ची केस होऊ शकते, पण तिथेही आधी नोटीस येते आणि पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बँका-फायनान्सच्या वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही. वेळ आणि नंबर वहीत लिहा, रेकॉर्डिंग ठेवा आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. याला कंपनी लागत नाही. 'सरफेसीमध्ये शेत जप्त होईल' हीही नेहमीची धमकी. सरफेसी म्हणजे कोर्टात न जाता बँकेला तारण जप्त करू देणारा कायदा, पण शेतजमिनीच्या तारणाला तो लागू होत नाही. घर-प्लॉटला होतो, आणि बँक शेतासाठी दिवाणी दावा करू शकते.

या काळात माणूस आतून खचतो. रात्रीची झोप गेली असेल, नको ते विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. घरच्यांपैकी एकाला तरी कर्जाचा खरा आकडा सांगा. आमच्या भागानं जे बघितलंय, त्यानंतर हे लिहायला संकोच वाटत नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर?

तिथं रिझर्व्ह बँकेचा लोकपाल नाही, सहकार खातं आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढायला संस्था सहायक निबंधकांकडे जाते. तुम्हाला नोटीस येते, त्या तारखेला हजर राहा आणि व्याजाचा उतारा मागा. गैरहजर राहिलात तर संस्थेनं मांडलेला आकडाच कायम होतो.

आणि सावकाराचं?

सावकार परवानाधारक आहे का, ते सहायक निबंधकांकडे विचारा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्जापोटी शेत लिहून घेतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल, तर चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. सेटलमेंट कंपनीचा इथे काही उपयोग नाही, कारण तिचा एजंट आणि सावकार एकाच पानटपरीवर बसतात.

सेटलमेंट झाल्यावर पुन्हा कर्ज मिळतं का?

सिबिलमध्ये खातं 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' दिसतं आणि बँका ते बघून हात आखडतात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेनं निदान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही. शेतीकर्जाला ही बारा महिन्यांची अट नाही, तिथे प्रत्येक बँकेचं धोरण चालतं. पुढच्या खरिपाला कर्ज लागणार असेल, तर सही करण्याआधी हे शाखेत विचारा. सूट न घेता पूर्ण रक्कम हप्त्यांनी भरायची ताकद असेल, तर माझं मत त्या बाजूनं आहे. वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघत राहा.

पैसे भरले. आता कोणते कागद घेऊ?

ना-देय दाखला, शाखेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. त्यात खाते क्रमांक आणि 'काही येणे नाही' हे शब्द हवेत. जामीनदाराचं नावही त्यात आलं पाहिजे, नाहीतर उद्या त्याच्याकडे उरलेल्या रकमेची मागणी जाते. गहाण ठेवलेले मूळ कागद बँकेनं तीस दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मग दाखला घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, बोजा कमी करायचा अर्ज. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रकाना डोळ्यांनी बघा. कर्ज मिटून सहा वर्षं झालेल्या एका आजींच्या सातबाऱ्यावर बोजा तसाच होता, पोरीच्या लग्नाला तुकडा विकायला काढला तेव्हा कळलं.

कंपनीला पैसे देऊन बसलोय. आता?

मुखत्यारपत्र रद्द केल्याचं पत्र कंपनीला स्पीड पोस्टानं, त्याची प्रत बँकेला. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, त्यात तास मोजले जातात. फी परत मिळवायला ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. करारात दिल्लीचं कोर्ट लिहिलं असलं, तरी ग्राहक म्हणून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मी त्या वेळी लाजेनं कुठेच गेलो नाही. पावती अजून गल्ल्यात आहे.

अर्ज टाईप करायचे किती घेता?

पानाला वीस रुपये, झेरॉक्स दोन रुपये. करारनामा वाचून दाखवायचे पैसे नाहीत, फक्त सही करायच्या आधी आणा. सोमवारी बाजार असतो, गर्दी होते. मंगळवारी या, आणि येताना कर्जखात्याचा उतारा घेऊन या.